सुशीलाचा घसा आणि सोमाबाबांचा बांध

भिंगार

मासवडी हा शब्द कानावर पडला आणि मी पाटावर सावरून बसले. गुहागरहून निघून नगरला पोचेपर्यंत दीड दिवस गेला होता. त्या प्रवासाची कथा सांगून तुम्हाला शिणवत नाही. पण एवढ्या लांब आल्यावर पहिल्याच ताटात मासा मिळणार म्हणून कोकणातल्या बाईचा जीव केवढा सुखावला असेल, ते समजून घ्या.

सुशीलाने ताट पुढे केलं. पिवळ्याधमक वड्या, त्यांच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं काळपट सारण, शेजारी वाटीत लालभडक रस्सा आणि बाजरीची भाकरी. मी वडी उलटीपालटी करून पाहिली.

"मासा कुठाय गं?"

"आकारात," सुशीला म्हणाली, आणि घर दणाणून जाईल अशी हसली.

सुशीलाचा आवाज हा आमच्या तरुणपणी दंतकथेचा विषय होता. नर्सिंगच्या शिक्षणात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. वॉर्डाच्या एका टोकाला उभी राहून ती दुसऱ्या टोकाच्या रुग्णाला औषधाची आठवण करायची आणि मधले सगळे रुग्ण घाबरून आपापली औषधं घ्यायचे. आता आम्ही दोघी निवृत्त आहोत. तिचे यजमान इथल्या लष्करी वर्कशॉपात होते, तेव्हापासून ती भिंगारलाच आहे. एका बाजूला जुना बाजार, दुसऱ्या बाजूला छावणीचे झाडांनी झाकलेले सरळ रस्ते. गेली काही वर्षं ती आसपासच्या गावांतल्या मंडळ्यांमधली तरुण मुलं गोळा करून दिवाळीच्या सुट्टीत नेतृत्वाचं शिबिर घेते. मंडळी म्हणजे चर्चची माणसं, हेही मला तिथेच कळलं.

"तू फक्त प्रथमोपचाराचे दोन तास घे," ती म्हणाली. "बाकी चार दिवस डोंगर बघ, जेव, झोप."

खरं सांगायचं तर माझ्या मनात शंका होती. नेतृत्व म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे चौकातल्या फ्लेक्सवरचे चेहरे येतात. अठ्ठावीस तरुण मुलामुलींना नेते करून काय साधणार? आणि प्रार्थनेतून नेता कसा होतो? मी तिला हे तोंडावर विचारलं.

"नेते नाही गं करत. मोठी माणसं करते," ती म्हणाली. "खा. रस्सा गार होतोय."

राजूर

दुसऱ्या दिवशी आमची बस नगर जिल्ह्यातलं अकोले मागे टाकून डोंगरांत शिरली. अख्ख्या बसमध्ये ढोलकी, खंजिरी आणि भजनं चालू होती. चाली इतक्या ओळखीच्या की मी ठेका धरला. शब्द प्रभू येशूचे, पण अभंगाचं वळण तेच. आमच्याकडच्या नमन-खेळे करणाऱ्या मंडळींना नेऊन बसवलं असतं तर पाच मिनिटांत साथ करू लागली असती.

राजूरला आठवडे बाजारात भाजी घ्यायला थांबलो. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन उतरली होती. हुलगे, नागली, वालाच्या शेंगा असं सगळं जमिनीवर गोणपाट टाकून मांडलेलं. इथले पेढे मी आधी चवीपुरता एक घेतला आणि मग अर्धा किलो.

या बाजारात मला दोन मुलं नीट दिसली. आकाश हा काष्टीचा, एकवीस वर्षांचा. उंच, हसरा, नगरला इंजिनिअरिंगला असलेला. मुलांनी त्याला कामाचा प्रमुख निवडलं होतं. कुणी काही विचारलं की याचं उत्तर तयार. रूथ भिंगारची, एकोणीस वर्षांची. तिच्याकडे स्वयंपाक आणि उपासना. तिचा आवाज एवढा बारीक की भाजीवाल्या बाईने तिला तीनदा "काय म्हनलीस?" विचारलं. तरी टोपलीतली किडकी वांगी तिने एकेक करून बाजूला काढली, बाईच्या डोळ्यांत बघून हसली, आणि बाईने स्वतःहून चांगली काढून दिली.

"ही बोलत नाही, ती कशी काय सांभाळणार सगळ्यांना?" मी सुशीलाला विचारलं.

"तिला बोलायला मी जागाच देत नाही बहुतेक," सुशीला म्हणाली आणि लगेच मागे वळून ओरडली, "ए, टमाटे खाली ठेवू नका रे!"

वाडीवर

राजूरपासून पुढे तासभर गेल्यावर एक वाडी लागते. तिथल्या शाळेच्या दोन खोल्यांत आमचा मुक्काम होता. समोर डोंगर, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, काही कापलेली, काही उभी. आणि मधूनमधून खुरासणी फुललेली, हळद सांडावी तशी. आमच्याकडे दिवाळीत हवा चिकट असते. इथे सकाळी तोंडातून वाफ निघत होती.

सकाळी प्रार्थना, मग शास्त्रवाचन, मग वर्ग. वर्ग म्हणजे भाषणं असतील अशी माझी कल्पना. पण सुशीला मुलांकडून कामं करून घेत होती. सभा कशी चालवायची, वर्षाचं नियोजन कसं करायचं, ज्येष्ठ मंडळींसमोर न घाबरता आणि उद्धटपणा न करता कसं बोलायचं. एक तास तर नुसता माफी मागण्याचा होता.

"देवाकडं माफी मागणं सोपं, तो दिसत नाही," ती म्हणाली. "माणसापुढं उभं राहून मागायची. काय केलं ते सांगायचं. कुणी केलं ते सांगायचं. आता काय करणार ते सांगायचं. आणि मध्ये 'पण' घालायचा नाही."

मुलं जोड्याजोड्यांनी एकमेकांची खोटी खोटी माफी मागत होती आणि दर दोन वाक्यांना "पण" येऊन वर्ग हसत होता. आकाशला ते पहिल्या फटक्यात जमलं. टाळ्याही मिळाल्या.

त्या वर्षीचं श्रमदान म्हणजे वाडीपासून खालच्या झऱ्यापर्यंतची वाट. ती मातीची आणि निसरडी होती, आणि तिथे दगडी पायऱ्या करून द्या अशी वाडीतल्या बायांनीच मागणी केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला उठली आणि तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही. थंडी, धूळ आणि सलग दीड दिवसाचं ओरडणं! मी घसा पाहिला, तो लालबुंद होता.

"चार दिवस एक अक्षर बोलायचं नाही," मी सांगितलं.

तिने शाळेतली पाटी उचलली आणि लिहिलं, "अशक्य."

पण शक्य झालं, कारण दुसरा इलाजच नव्हता. मुलांनी पाचेक मिनिटं एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग रूथ पुढे आली आणि तिने सकाळची प्रार्थना सुरू केली. तिचा आवाज ऐकू यावा म्हणून सगळे इतके गप्प बसले की पलीकडच्या खाचरात कुणीतरी विळ्याने भात कापतंय, तेही ऐकू येत होतं. सुशीला कोपऱ्यात मफलर गुंडाळून बसली होती. तिचा चेहरा पाहून मला हसू आवरेना.

आकाश पोरांना घेऊन कामावर गेला. वाट वळसा घेऊन जाते हे त्याने पाहिलं. "एवढा वळसा कशाला? सरळ उतरू," तो म्हणाला. मोबाईलवर त्याने अंतरही मोजून दाखवलं. मधे एका खाचराच्या कडेला जुन्या दगडांची रांग होती. ते दगड पायऱ्यांना आयतेच मिळाले. दुपारपर्यंत अठ्ठावीस जणांनी गाणी म्हणत दहा-बारा हात रांग उचलून नेली. मी बघत होते; मलाही ते दगड पडीकच वाटले.

दिवस मावळायच्या आत राजूरला कामासाठी गेलेले सोमाबाबा परतले. खाचर त्यांचं होतं. साठी उलटलेला, काटक, डोक्याला टापशी बांधलेला माणूस. ओरडले नाहीत. बांधाच्या खिंडारापाशी उकिडवे बसले आणि हाताने माती चाचपत राहिले.

"माज्या बापानं रचला हुता ह्यो," ते म्हणाले. "आता एक पाऊस पडला की माती चालली खाली. मानूस कोनाच्या घराचा दगुड न इचारता उचलतो व्हय?"

 सोमाबाबा उठून गेले. पाठोपाठ वाडीतली एक बाई निरोप घेऊन आली. रविवारच्या जेवणाला आम्ही सगळ्या वाडीला बोलावलं होतं. आता कुणी येणार नाही, आणि पायऱ्याही नकोत.

आकाश पळतच सुशीलाकडे आला. "आंटी, तुमी चला. तुमचं ऐकतील ते."

सुशीलाने पाटीवर लिहिलं, "मी आजारी आहे," आणि खाली दोन रेघा ओढल्या. तिचा घसा बसला होता, पाय नव्हे. 

"मग मावशी, तुमी?" तो माझ्याकडे वळला.

उत्तर रूथने दिलं. "मावशी पाहुण्या आहेत, आकाश. बांध आपण फोडलाय." पहिल्यांदा मला तिचं वाक्य एकदाच ऐकून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश आणि रूथ सोमाबाबांकडे निघाले. रूथने मला "नुसत्या सोबत बसा" म्हणून नेलं. बाबा खळ्यावर भात झोडत होते. आमच्याकडे पाहिलं आणि काम चालूच ठेवलं.

"बाबा, आमाला वाटलं दगड असेच पडल्यात, पण..." आकाशने सुरुवात केली आणि थांबला. परवा वर्गात टाळ्या मिळवणारा मुलगा कानापर्यंत लाल झाला होता. पेंढी दगडावर आपटत होती, दाणे उडत होते. त्याने पुन्हा सुरुवात केली.

"बाबा, तुमचा बांध मी फोडला. पोरांनी माझं ऐकून दगड उचलले. मी इचारायला पाहिजे हुतं, इचारलं न्हाई. आज आमी तो परत लावतो."

"लावता येतो का?"

"न्हाई."

"मंग?"

"तुमी शिकवा."

सोमाबाबांनी हातातली पेंढी खाली ठेवली. इतका वेळ आकाशकडे नीट पाहिलंच नव्हतं, ते आता पाहिलं. "एवढं झोडून हुऊ द्या. मंग येतो," ते म्हणाले. रूथने पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि एक पेंढी उचलली. आकाशनेही उचलली. मीही उचलली असती, पण कंबरेने नकार दिला.

तो दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. उचललेला प्रत्येक दगड पोरांनी परत वाहून आणला. सोमाबाबा काठी टेकून उभे आणि अठ्ठावीस पोरं त्यांच्या तालमीत!

"दगुड आदी डोळ्यानं बघा. मंग उचला. उगा चार वेळा हात लावू नका त्येला."

"सांद्यावर सांदा न्हाई आला पायजे. वरचा दगुड खालच्या दोघांवर बसला पायजे."

"बारीक दगडाच्या चिपा भरा आतून. नुस्ता वरून दिसाया चांगला काय कामाचा?"

दोनदा रचलेलं त्यांनी पायाने पाडून टाकलं. पोरांनी तिसऱ्यांदा रचलं. माझ्या प्रथमोपचाराच्या वर्गाला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता. चेपलेली नऊ बोटं मी मुलांकडूनच बांधून घेतली. दुपारी बाबांच्या घरून नागलीच्या भाकऱ्या आणि लसणाचा ठेचा आला. आम्ही हातावरच भाकरी मोडून खाल्ली आणि ठेच्याने सगळ्यांची नाकं वाहू लागली.

जेवण झाल्यावर आकाश माझ्याकडे अंगठा दाखवायला आला. नख काळं पडलं होतं. मी पट्टी बांधत असताना तो हळूच म्हणाला, "मावशी, मी इंजिनिअरिंगला न्हाई."

"म्हणजे?"

"हुतो. दोन वर्षं नापास झालो. मागल्या जूनपासून गेलोच न्हाई. दोस्ताच्या खोलीवर राहतो. घरी सांगतो, समदं बरं चाललंय." तो बांधाकडे बघत होता. "सोमाबाबांना सांगताना दोनदा सुरुवात करायला लागली. आनि त्यांची माझी तर वळखबी नव्हती."

 पन्नास उपदेश जिभेवर आले, ते मी गिळले. पट्टीची गाठ मारली. तो म्हणाला, "जाताना आमच्या घरावरून जाल का? तुमी असल्या की मला माघार घेता यायची न्हाई."

मी हो म्हटलं.

बांध पुरा झाल्यावर सोमाबाबा त्यावर उभे राहून चालले, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग आपणहून वाटेकडे वळले. पावसाळ्यात पाणी सरळ धावतं, म्हणून वाट वळशाने नेलेली आहे हे त्यांनी काठीने रेघ ओढून दाखवलं. उरलेल्या वेळात ठरवलेल्या चाळीसच्या जागी अकराच पायऱ्या झाल्या, पण त्या योग्य जागी होत्या. पहिल्या घागरी घेऊन दोन बाया त्यावरून चढून आल्या तेव्हा पोरांनी केलेला आरडाओरडा राजूरपर्यंत गेला असेल.

रविवार उजाडला. उपासना रूथने चालवली. मी पाया पडायचं की हात जोडायचे या घोळात होते. शेवटी हात जोडून मागे बसले, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. रूथने प्रार्थनेत आपल्या घरच्यांसाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, आणि मग म्हणाली, "प्रभू, सोमाबाबांच्या खाचरातली माती जागेवर राहू दे." मागून कुणीतरी घोगऱ्या, फाटक्या आवाजात "आमेन" म्हणालं. सुशीला! मी डोळे वटारले. तिने निर्लज्जपणे खांदे उडवले.

आणि वाडी जेवायला आली. सगळी आली. सोमाबाबा फडक्यात नव्या भाताचे तांदूळ बांधून घेऊन आले. रूथने स्वयंपाकाचा अंदाज बरोबर बांधला होता. शेंगोळ्यांचं पातेलं पुरलं, भात उरला. वाडीतल्या बायांनी फेर धरला, आमच्या मुली त्यात शिरल्या. मला आमचा शिमगा आठवला. आमच्याकडची पोरं पालखी नाचवताना, मानापानाची भांडणं मिटवताना, गावाला जेवू घालताना अशीच मोठी होतात. त्याला शिबिर म्हणत नाहीत एवढंच. दैवत वेगळं, पण देवाचं काम हातात आलं की पोर सरळ उभं राहतं, हे मला दोन्हीकडे सारखंच दिसलं.

काष्टी

भिंगारला सुशीलाचा निरोप घेतला. ती पाटीवर निरोप लिहायला गेली आणि खडूच सापडेना, म्हणून नुसतीच गळ्यात पडली. आकाशबरोबर मी काष्टीला आले. इथून मला पुण्याची गाडी धरायची होती. जिल्हा तोच, पण डोंगर मागे राहिले होते. सपाट काळी जमीन, ऊस, कांदा. गावात गाई-बैलांचे टेम्पो उभे.

आकाशचे वडील दानियलभाऊ गोठ्यात होते. चार गाई, स्वच्छ झाडलेली जागा. "सलाम, ताई, या," म्हणून त्यांनी खुर्ची मागवली. स्वयंपाकघरातून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. आकाशने पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"पप्पा, मला बोलायचंय."

"बोल की."

"मी दोन वर्षं नापास झालोय. मागल्या जूनपासून कॉलेजला गेलो न्हाई. तुमी फोन केला की मी खोटं बोलत हुतो."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. दानियलभाऊंच्या हातात पेंडीची बादली होती. ती त्यांनी फार सावकाश खाली ठेवली.

"किती जनांना म्हाईती हाय ह्ये?"

"खोलीवरच्या दोस्ताला. मावशींना. आनि आता तुमाला."

"मंजी मी तिसरा."

"व्हय."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण शब्द दिला होता. दानियलभाऊंनी नळावर जाऊन हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. पाठमोरेच राहून म्हणाले, "ह्ये सांगायला तुला पार डोंगर चढून जावं लागलं व्हय रं?"  राग होता की दुसरं काही, मला कळलं नाही. मग वळून म्हणाले, "ताई, जेवून घ्या आदी. वर्षाचा खोटेपना हाय, अर्ध्या तासानं काय बिघडत न्हाई."

आम्ही जेवायला बसलो. दानियलभाऊंनी डोळे मिटून अन्नासाठी आभार मानले. रोजच्यापेक्षा ते बहुधा जास्त लांबले, कारण आकाशच्या आईने मधेच डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलेलं मी पाहिलं. वांग्याचं भरीत, भाकरी, कांदा. दोन घास गेले. तिसरा घास हातात धरून ते म्हणाले,

"इंजिनिअरिंगला मी घातलं तुला. गावात सांगायला बरं वाटत हुतं मला. तुला इचारलं नव्हतं. ते माजं चुकलं."

आकाशने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते.

"मग आता तरी इचारा," आई म्हणाली.

"इचारतो की! काय करायचंय तुला?"

आकाश थांबला. गेल्या आठवडाभरात हा मुलगा कुठल्या प्रश्नाला एवढा वेळ थांबलेला मी पाहिला नव्हता. "मला अजून म्हाईत न्हाई, पप्पा."

"बरं," दानियलभाऊ म्हणाले. घास तोंडात घातला, सावकाश चावला. "म्हाईत हुईस्तवर पाटंच्या धारा तुज्याकडं. आनि ती ढवळी लाथ मारती, सांगून ठिवतो."

आकाशला हसू फुटलं, हसताना ठसका लागला, आणि मग दानियलभाऊही हसले. डोळे पुसत, मान हलवत. आईने लेकापुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि माझ्या ताटात, न विचारता, आणखी एक भाकरी वाढली.